वाचले, पाहिले नाही

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. त्या अर्जावर आमच्या सेफ्टी ऑफिसरची म्हणून जी सही आहे, ती त्यांची नाही. ती मी केली आहे. दुपारी चारच्या सुमारास, निळ्या पेनाने, कुरिअरवाला दारात उभा असताना. आणि पुढे चौकशीत मला विचारलं गेलं, तेव्हा ती त्यांनी माझ्यासमोर केली, असं मी सांगितलं.

आता त्यांच्याबद्दल लिहितो. स्वतःबद्दल लिहायला बसलो तर मी माझी बाजू घेईन. ती सवय मला आहे.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. विजेच्या उपकरणांना लागणारे पत्र्याचे बारके भाग आम्ही पॉवर प्रेसवर कापतो, वाकवतो. मी पर्सोनेल खात्यात. ते सेफ्टीत. सेफ्टी खातं म्हणजे ते एकटे, एक टेबल आणि एक लोखंडी कपाट. ठेंगणे, पूर्ण बाह्यांचा खाकी शर्ट, पायात बारमाही लोखंडी टोकाचे बूट. अधिकाऱ्यांना ते खात्याच्या नावाने हाक मारत आणि कामगारांना स्वतःच्या नावाने. "काय पर्सोनेल, जेवलात का?" "ओ स्टोअर, जरा इकडे या." जीएमना तोंडावर "जीएम" म्हणत, पुढे साहेब वगैरे काही नाही. मी एकदा विचारलं, हे काय खूळ? ते म्हणाले, "खात्याला लागत नाही हो कधी. माणसाला लागतं. ज्याला लागणार त्याचं नाव पाठ पाहिजे."

दोनेकशे नावं त्यांना पाठ होती. कंत्राटी बायकांचीसुद्धा, ज्यांची नावं माझ्या खात्याला हजेरीपट बघितल्याशिवाय सांगता येत नसत.

कंपनीची बस सकाळी पंचवटीतून सुटे. आम्ही दोघंही तिथूनच चढायचो. चढण्याआधी ते बसभोवती हात मागे बांधून एक प्रदक्षिणा घालत, वाकून चारी बाजूंचे टायर बघत. आत बसलेले लोक घड्याळं बघत. रफिकभाई ड्रायव्हर रोज तेच म्हणायचा, "साहेब, टायर काल पण गोल होता, आज पण गोलच आहे." आणि हे रोज तेच उत्तर द्यायचे, "काल कालचा पाहिला. आज आजचा पाहतोय."

पाहणे हा त्यांचा आजारच होता. कुठल्याही कचेरीत कागद फिरतो तेव्हा त्यावर 'पाहिले' असं लिहून सही ठोकायची पद्धत आहे. कोणी काही पाहिलेलं नसतं. कागद टेबलावरून गेला, एवढाच त्याचा अर्थ. हे गृहस्थ तो शब्द खरा धरून चालत. आग विझवायची नळकांडी भरून आली असा कागद आला की हे उठत, कारखाना पालथा घालत, एकेक नळकांडं उचलून बघत, मग येऊन लिहीत: पाहिले. खाली वेळ, जागा आणि सुवाच्य अक्षरांत पूर्ण नाव. जायला जमलं नाही तर लिहीत: वाचले, पाहिले नाही. आमच्या फायलींत त्या तीन शब्दांचे शेकडो शेरे आहेत. कॅन्टीनच्या नव्या जेवणाचं परिपत्रक आलं, त्यावरही तोच शेरा. सोमवारी जेवून आले आणि खाली जोड दिली: पाहिले. उसळ कच्ची.

आम्ही हसायचो. मी सगळ्यांत जास्त.

माझ्या पुतणीच्या लग्नाला मी त्यांना बोलावलं. लग्न लॉन्सवर होतं, गंगापूर रोडच्या पुढे. ते रेशमी झब्बा आणि खाली तेच लोखंडी टोकाचे बूट घालून आले. आल्याआल्या मंडपाच्या मागे गेले. जनरेटरची वायर गालिच्याखालून नेली होती आणि तिथूनच पोरं पळत होती. मंगलाष्टकं सुरू झाली तरी हे त्या वायरीवर दोन पाय रोवून उभे, मुठीत अक्षता. पोरांना दोन्ही बाजूंनी वळवत होते. डेकोरेटरने वैतागून वायर वरून घेतली तेव्हा कुठे पुढे आले. अक्षता टाकायच्या राहून गेल्या, त्या वहिनींच्या हातात दिल्या. माझा भाऊ मला म्हणाला, "हा कुठला चौकीदार आणलास?" मी म्हणालो, "ऑफिसातला आहे. जरा चक्रम आहे, मनावर घेऊ नकोस." हे त्यांनी ऐकलं. जेवायला मात्र थांबले, आणि जिलेबी चांगली झाल्याचं भावाला मुद्दाम सांगून गेले.

फाटकावर आमचा एक फळा होता. अपघाताविना किती दिवस गेले तो आकडा त्यावर खडूने लिहिलेला असे. एका दुपारी दत्तू फिटरच्या पायावर डाय पडली. डाय म्हणजे प्रेसमधला पोलादी साचा. दोन माणसांना उचलत नाही. पाऊल दोन ठिकाणी मोडलं.

इथे आमच्यासारख्या ठिकाणची एक युक्ती सांगायला हवी. जखमी माणूस दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही, तर अपघाताने दिवस बुडाला असं धरतात आणि आकडा शून्यावर येतो. तो आला, तर किरकोळ दुखापत, मलमपट्टी केली, विषय संपला. म्हणून दत्तूला आणायचं. रोज सकाळी कंपनीची जीप त्याच्या गावाला जाई. दोन माणसं त्याला खांद्यावर उचलून टाइम ऑफिसात आणत, खुर्चीत ठेवत, प्लास्टरातला पाय खोक्यावर ठेवत. आठ तास तो भिंत बघत बसे. संध्याकाळी परत. जीपची व्यवस्था मी केली होती. हजेरीवर त्याची सही मी घ्यायचो. दत्तू विनोदी माणूस. पहिल्या दिवशी मला म्हणाला, "साहेब, आता मला खुर्चीचं काम जमाया लागलं. प्रमोशन द्या." चौथ्या दिवसापासून तो बोलेनासा झाला. दुखत होतं त्याला.

सेफ्टी ऑफिसरांनी त्याला खुर्चीत पाहिलं, त्याच्या शेजारी फरशीवर थोडा वेळ बसले, मग ओलं फडकं घेऊन फाटकावर गेले. आकडा पुसला, शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिक्युरिटीने एक वाढवून आकडा परत लिहिला. यांनी पुन्हा पुसला. हे तीन आठवडे चाललं. कामगार पैजा लावायला लागले. मी त्यांना समजवायला गेलो, म्हणालो, साहेब, एवढ्या किरकोळ गोष्टीसाठी कशाला वाईटपणा घेता?

त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा एकदाच ऐकला. "किरकोळ हा शब्द ज्याचं हाड मोडलंय त्याने वापरायचा. तुम्ही आणि मी नाही वापरायचा, पर्सोनेल."

शेवटी जीएमनी खडूचा फळा काढून बटणाने आकडा बदलायचा फळा लावला. त्याला किल्ली होती. किल्ली माझ्या खणात.

आता ज्या सुरक्षा-मान्यतेसाठी तो अर्ज होता, तिचं. माझा सगळा राग तिथे आहे आणि तरी मला न्यायाने लिहायचं आहे. ती योजना ऐच्छिक होती. कायद्याने मागितलेली नाही. ज्या कारखान्यात सुरक्षा उत्तम आहे त्याने स्वतःहून हात वर करायचा: या, आम्हाला तपासा. मग माणसं येणार, कागद बघणार, कामगारांशी बोलणार, पटलं तर मान्यता, ढाल, फाटकावर लावायला पाटी. तिचं पत्रक कारखान्यात आणलं तेच मुळी सेफ्टी ऑफिसरांनी. बसमध्ये मला दाखवत होते. "बघा, कोणी मारून मुटकून नाही. स्वतः म्हणायचं की आम्हाला बघा. यापेक्षा चांगलं काय असतं?" त्यांना तसा मान्यता मिळालेला एक कारखाना माहीत होता, तिथल्या बायका पाहुण्यांना स्वतः हाताला धरून मशीन दाखवायला नेत म्हणे. ते म्हणाले, "दोन वर्षं द्या मला. आपण लायक होऊ, मग अर्ज करू."

पत्रक जीएमच्या टेबलावर गेलं आणि जीएमनी त्यातली एकच ओळ वाचली. मान्यता असली की मोठे ग्राहक तीन वर्षं आपली माणसं तपासणीला पाठवत नाहीत.

मी हे पुष्कळ वेळा मनात घोळवलं आहे. चांगलं वागल्याचं बक्षीस काय, तर आता कोणी बघायला येणार नाही. ज्यांनी योजना काढली त्यांचा हेतू चांगला असेल. खरोखर चांगल्या कारखान्याला त्याचा उपयोगही होत असेल. आम्ही तो पडद्यासारखा वापरला. आणि अर्ज याच महिन्यात करायचा ठरलं.

अर्जात सेफ्टी ऑफिसरचं निवेदन लागत होतं, ते असं: तीन वर्षांत अपघाताने एकही दिवस बुडालेला नाही आणि सर्व प्रेसचे सेन्सर मी स्वतः तपासले आहेत, ते चालू आहेत. सेन्सर म्हणजे, हात आत गेला की प्रेस जागच्या जागी थांबवणारी सोय. सात नंबरच्या प्रेसचा सेन्सर तारेचा तुकडा जोडून गप्प केलेला होता, कारण तो मधेच प्रेस थांबवायचा आणि माल कमी निघायचा. यांनी त्या प्रेसवर लाल चिठ्ठी बांधली होती: चालवू नये. चिठ्ठी बांधलेली आणि प्रेस चालू, असा आमचा कारभार. त्यांनी निवेदन वाचलं आणि शेवटी नेहमीचा शेराही लिहिला नाही. कागद मला परत दिला. "यात एक दत्तू आहे आणि एक सात नंबर. दोन्ही खोटं आहे. नाही करणार सही."

मी जीएमना सांगितलं. ते फोनवर होते. फोनवर हात ठेवून म्हणाले, "शेवटची तारीख आहे आज. सही आली पाहिजे. कशी, ते तुम्ही बघा."

मी बघितलं. त्यांची सही मी इतकी वर्षं फायलीत बघत होतो. सुवाच्य अक्षरं असल्यामुळे उलट सोपी गेली. वर मी लिहिलं: पाहिले. वेळ आणि जागा लिहायचं मला सुचलं नाही.

तपासायला माणसं आली त्या आठवड्यात आम्ही सेफ्टी ऑफिसरांना मुंबईला पाठवलं. सुरक्षेच्या प्रशिक्षणाला. ही कल्पना माझी होती आणि ती मला तेव्हा फार हुशारीची वाटली. जमिनीवर पिवळे पट्टे ओढले, कुंड्या मांडल्या, सात नंबरला रंग दिला आणि लाल चिठ्ठी काढली. कामगारांना उत्तरं पाठ करून घेतली. पाहुणे सज्जन होते. त्यांनी चांगले प्रश्न विचारले, पण प्रत्येक प्रश्नाच्या वेळी माझ्यासारखा एकजण शेजारी उभा होता.

ढाल आली. पेढे वाटले. मुंबईहून परत आल्यावर त्यांनी मला विचारलं, माझ्या सहीशिवाय कसं झालं? मी म्हणालो, नंतर कळलं, सही सक्तीची नव्हती. ते म्हणाले, "बरं." माझ्यावर त्यांनी विश्वास ठेवला. ज्या माणसाने आयुष्यभर कशावर विश्वास ठेवला नाही, प्रत्येक टायर वाकून बघितला, त्याने माझं तोंडचं वाक्य न बघता घेतलं.

मग ते प्रेसच्या शॉपवर गेले, सात नंबरची तार बघितली, आणि जीएमना पत्र लिहिलं. प्रत माझ्याकडे. प्रेस क्रमांक, तार कुठे जोडली आहे, आणि खाली: पाहिले, अमुक वेळ, अमुक जागा. जीएम मला म्हणाले, मान्यता मिळालेल्या कारखान्याच्या फायलीत असला कागद शोभत नाही. मी दोन्ही कागद काढले. जीएमचा फाडला. माझा फाडवला नाही. घरी नेला. तो माझ्या कपाटात, विम्याच्या कागदांखाली आहे.

तीनेक महिन्यांनी सात नंबरवर सुमनबाईंचा उजवा हात सापडला. तीन बोटं गेली. कंत्राटी कामगार, सिन्नरच्या अलीकडच्या गावच्या, झेंडूच्या दिवसांत घरी माळा ओवून विकणाऱ्या. मी दवाखान्यात गेलो. एक कागद घेऊन गेलो होतो: चूक माझी स्वतःची होती. वाचून दाखवलाही नाही. शाईचं पॅड पुढे केलं. त्या म्हणाल्या, "अंगठा नाय साहेब. मी सही करते. सातवी शिकलेली हाय." मग बँडेजकडे बघत राहिल्या. थोड्या वेळाने डावा अंगठा त्यांनीच पुढे केला.

तो कागद घेऊन मी घरी आलो आणि जेवलो. नीट जेवलो. हेही लिहून ठेवतो.

पुढचं सरळ आहे. मान्यता वाचवायची तर कोणीतरी दोषी पाहिजे. कंपनीने म्हटलं, सेफ्टी ऑफिसरने सगळे सेन्सर चालू असल्याचं लिहून दिलं होतं. म्हणजे एकतर त्यांनी खोटं लिहिलं किंवा बाईंनी नंतर तार जोडली. सेफ्टी ऑफिसरांना निलंबित केलं आणि हे दोन आरोप सोयीप्रमाणे आलटून पालटून वापरले. निलंबनाच्या दिवशी त्यांच्या कपाटाची किल्ली मी घेतली. कपाटात त्या पत्राची त्यांची कार्बन प्रत होती. दुसऱ्या दिवशी नव्हती.

चौकशी कॉन्फरन्स रूममध्ये झाली. बाहेरून एक वकील चौकशी अधिकारी म्हणून आणले होते. त्यांनी अर्ज पुढे केला. सेफ्टी ऑफिसरांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला, बराच वेळ बघितला.

"सही माझी नाही."

"नाव तुमचं आहे."

"नाव माझं आहे. मी वेळ लिहितो, जागा लिहितो. इथे नाही." आणि त्यांनी मान वर केली तेव्हा सरळ माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं.

मला साक्षीला बोलावलं. मी म्हणालो, सही साहेबांनी माझ्यासमोर, माझ्या टेबलावर केली. तोंड कोरडं पडलं नाही, आवाज कापला नाही. पुस्तकात असतं तसं काही होत नाही. सोपं जातं.

त्यांना उलटतपासणीचा हक्क होता. त्यांच्या जागी मी असतो तर शंभर प्रश्न विचारले असते. त्यांनी एक विचारला. आणि त्यांनी मला पहिल्यांदाच नावाने हाक मारली. माझ्या स्वतःच्या नावाने.

"तुम्ही मला सही करताना पाहिलंत?"

"पाहिलं."

ते कारकुनाकडे वळले. "लिहून घ्या. शब्द हाच लिहा."

त्यांना काढून टाकलं. मला वरचं पद मिळालं. ढाल माझ्या केबिनच्या भिंतीवर आहे, कारण जीएमना ती रिसेप्शनमध्ये मोठी वाटली.

मला राग येतो. जीएमचा येतो, त्या पिवळ्या पट्ट्यांचा येतो, पेढे खाणाऱ्या प्रत्येकाचा येतो. आणि बरीच वर्षं मला त्यांचाही राग येत होता, हे कबूल करतो. काय अडलं होतं दोन सह्या करायला? सगळे करतात. इतकं ताठ राहून त्यांनी मला असं करायला लावलं, असं मी स्वतःला सांगत आलो. बायकोला ते कधी दिसले की सांगायची, आणि मी विषय बदलायचो.

गेल्या महिन्यात ते मला पंचवटीच्या भाजीबाजारात भेटले. टाळता आलं नाही. मेथी विकणाऱ्या एका बाईला ताडपत्रीची दोरी वर बांधायला सांगत होते, येणाऱ्याजाणाऱ्याच्या गळ्याशी येते म्हणून. ती म्हणत होती, "बाबा, रोज येऊन तेच सांगता, मेथी तर कधी घेत नाय." त्यांनी हसून दोन जुड्या घेतल्या. मग मी दिसलो. केस पूर्ण पांढरे, बूट तेच.

मला वाटलं, तोंड फिरवतील. त्यांनी विचारलं, "सात नंबर चालू आहे का?"

मी हो म्हणालो.

"सेन्सर?"

"दुरुस्त केलाय म्हणतात."

"म्हणतात," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, नुसती नोंद होती. मग म्हणाले, "सुमनबाईंची भरपाईची केस अजून उभी आहे. पुढच्या महिन्यात तारीख आहे. कंपनीचं म्हणणं अजून तेच, तार बाईंनी जोडली, कारण मी सगळं नीट असल्याचं लिहून दिलंय. मी जाणार आहे साक्षीला. काढून टाकलेल्या माणसाचं कोण खरं धरणार? पण जाईन." पिशवीतली मेथी वरखाली केली. "त्यांना डाव्या हाताने लिहायला जमतंय आता. मुलाची वही घेऊन बसतात."

त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही. एक शब्द नाही. मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं.

तारखेला अजून अकरा दिवस आहेत. विम्याच्या कागदांखालचं ते पत्र मी आज बाहेर काढलं आहे. सुमनबाईंना मी शपथेवर एक साक्ष देणं लागतो: तार आधीपासून होती, आम्हाला माहीत होतं, आणि तो अंगठा मी फसवून घेतला. सेफ्टी ऑफिसरांना मी त्यांची सही परत देणं लागतो. नोकरी जाईल, गुन्हाही दाखल होईल. ते वेगळं, ते मी भोगायचं आहे. त्याने यांतलं काही फिटत नाही. ही दोन्ही देणी मी अजून दिलेली नाहीत.